पऱ्हाटीतला कोयी

चार वर्षांपूर्वी, भादव्यात, बाबांनी मला व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीचा, शेंडा, त्यावरची दोन पानं पांढऱ्या धाग्यांनी एकमेकांना शिवल्यासारखी जुळलेली, आणि आत काहीतरी बारीक, पायांचं. खाली लिहिलं होतं, "कोयी आला. काय मारू?"

आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो. डोळा तो डोया, काळा तो काया, तसा कोळी तो कोयी. वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटच्या बाजूला आमचं वावर आहे. मी नागपूरला नोकरीत. फोटो आला तेव्हा मी ऑफिसात होते, घाईत होते. फोटो मोठा करूनही पाहिला नाही. "कृषी केंद्रात दाखवा, ते सांगतील ते आणा," एवढं लिहून मोकळी झाले.

दुकानदाराने सांगितलं, कोळी आहे तर कोळीनाशक मारा. सोबत आणखी एक बाटली दिली, जरा कडक, सगळ्यालाच चालेल अशी. बाबांनी दोन्ही मारल्या. महिन्याभरात पऱ्हाटीची पानं चिकट झाली, चिकट्यावर काळी बुरशी चढली आणि झाडाला नुसता हात लागला तरी पांढऱ्या माशीचा धुरळा उठायला लागला. त्या वर्षीच्या पहिल्या दोन वेचण्यांचा कापूस काळपट निघाला, भाव पडून मिळाला.

फोटो मी नंतर नीट पाहिला. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात, मोबाइल रिकामा करताना. त्या दोन पानांच्या मधे आठ लांब पाय होते, फिकट पिवळं अंग होतं, आणि तिच्या पोटाखाली रेशमी कोष होता. ती घर करून बसलेली आई होती. आपण तिला मारायला औषध आणलं, आणि ते मी सांगून आणलं.

*

गोंधळ शब्दातच आहे. मराठीत 'कोळी' म्हटलं की जाळं विणणारा कोळी, आणि 'कोळी' म्हटलं की वांग्या-भेंडीच्या पानामागे बसून रस शोषणारी लाल बारीक कीडही. दुकानातल्या बाटल्यांवर, शेतीच्या पुस्तिकांत, नारळबागायतदारांच्या बोलण्यात, सगळीकडे दोघांना एकच नाव. (दर्यावर जाळं टाकणारा कोळीही त्याच नावाचा, आणि ते मला फार शोभून दिसतं.) दोघांनाही आठ पाय, दोघंही धागा काढतात, लांबून एका कुळातलेही आहेत. पण लाल कोळी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, भिंगाशिवाय लाल टिंबापलीकडे दिसत नाही. त्याचं अंग म्हणजे एकच गोळा. तो पानाच्या पेशीला तोंड लावतो आणि पान फिकट ठिपक्यांनी भरून जातं. जाळ्यातला कोळी मात्र दोन भागांचा, मधे बारीक कंबर असलेला, आणि जन्मात कधी कुणाच्या पिकाचं नुकसान करायला जात नाही. तो किडे खातो. खातो म्हणण्यापेक्षा पितो. आधी विषाने गार करतो, मग पाचक रस सोडून आतलं सगळं पातळ करतो आणि ओढून घेतो.

हे सगळं मी बाबांना जेवताना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. भाकरीचा तुकडा हातातच राहिला. मग म्हणाले, "मंग आपन मारलं कोनाले?"

*

त्या पावसाळ्यापासून मी शनिवारी गावी जायला लागले. काम एकच: पऱ्हाटीची वीस झाडं निवडायची, ओळीत चालत चालत, कुठलंही झाड मुद्दाम न शोधता, आणि शेंड्यापासून बुडापर्यंत त्यावर किती कोळी, कोणत्या तऱ्हेचे, ते वहीत मांडायचं. तुडतुडे, मावा, फुलकिडे, पांढरी माशी मोजायला बाबांना कुणी तरी पूर्वी शिकवलं होतं. तीन पानं उलटून पाहा, सरासरी काढा, अमुक आकड्याच्या वर गेलं तरच फवारा. पण त्यांना खाणाऱ्यांची मोजणी त्या वहीत कधी नव्हती.

पहिली अडचण नावांची आली. जगात कोळ्यांच्या नोंद झालेल्या जातींनी २०२२ साली पन्नास हजारांचा आकडा ओलांडला. भारतातून एकोणीसशेहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत. बी. के. टिकादर यांच्यासारख्या माणसाने भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्याच्या केंद्रात राहून आयुष्याचा मोठा भाग कोळ्यांची वर्णनं लिहिण्यात घालवला. ठाणे जिल्ह्यात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या एका नव्या कोळ्याला २०२१ मध्ये तर २६/११ ला कसाबची बंदूक धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं गेलं, 'आयसियस तुकारामी'. हे वाचलं तेव्हा मला भरून आलं होतं. पण बांधावर उभं राहून बोलायला शास्त्रातली नावं कामाची नाहीत, आणि आमच्या बोलीत तर सगळे एकजात कोयी. मग बाबांनीच नावं पाडली. फुलात बसणारा, पुढचे चार पाय खेकड्यासारखे पसरणारा तो 'खेकड्या'. जमिनीवर पळणारी ती 'पोरवाली'. संध्याकाळी जाळं टाकणारा 'रातपाळीवाला'. आणि पानावर मांजरासारखी दबा धरून बसणारी, पायांना काटेच काटे असलेली, अंगाने हिरवीगार, ती नुसतीच 'हिरवी'.

खेकड्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते चुकून. पऱ्हाटीचं फूल पहिल्या दिवशी पिवळसर पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. तशा एका ताज्या फुलात मी डोकावले आणि मला काहीच दिसलं नाही. वही मिटणार तेवढ्यात एक लहानशी माशी फुलाच्या काठावर उतरली, आणि पाकळीचाच एक तुकडा हलला. माशी जागच्या जागी थांबली. पांढऱ्या पाकळीवर पांढरा कोळी. त्याने तिच्या मानेपाशी तोंड लावलं होतं, पाय मात्र तसेच मोकळे पसरलेले, जणू काही घडलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फूल गुलाबी झालं होतं आणि कोळी तिथे नव्हता. बाजूच्या फांदीवर उमललेल्या नव्या पांढऱ्या फुलात तो जाऊन बसला होता.

आता खरं सांगायचं तर हा खेकड्या मधमाशीही धरतो. मी डोळ्यांनी पाहिलंय आणि मला वाईट वाटलंय. कोळ्याला मित्रकीड आणि शत्रुकीड असा भेद कळत नाही. तो मावा खाणारा ढालकिडा (लेडीबर्ड) खातो, दुसरा कोळी खातो, कधी आपल्याच जातीचा खातो. आणि बोंडात एकदा शिरलेल्या गुलाबी बोंडअळीला कुठलाच कोळी बाहेर काढू शकत नाही. 'कोळी जपा आणि फवारणी विसरा' असं कुणी सांगत असेल तर ते मला पटत नाही.

पण एक गोष्ट त्या वहीतूनच कळली. ढालकिडा मावा वाढल्यावर येतो आणि मावा संपला की जातो. कोळी मात्र आधीपासून असतो. पऱ्हाटी चार पानांवर असताना, खायला फारसं काही नसताना, तो तिथे होता. कोळ्याला उपासाची सवय असते. त्याचं शरीर इतकं काटकसरीने चालतं की आठवडेच्या आठवडे काही न मिळालं तरी निभतं. त्यामुळे तुडतुड्यांची पहिली पिलावळ उतरते तेव्हा तिच्या वाटेवर कुणी तरी बसलेलं असतं. ढालकिडा हंगामी मजूर म्हणावा, तर कोळी सालदार. आणि आम्ही त्या भादव्यात मारले ते आमचे सालदार.

*

रात्रीचं वावर दाखवायला मी बाबांनाच नेलं. आश्विन होता, पाऊस नुकताच उघडला होता, काळी माती वरून सुकून आतून ओली. विजेरी हातात खाली न धरता कपाळाशी, डोळ्यांच्या रेषेत धरायची. बाबा म्हणाले, "असं काहून?" मी म्हटलं, धरा तर.

ओळींमधल्या मातीवर हिरवट ठिणग्या पेटल्या. इथे एक, तिथे दोन, पुढे चार. दंव असतं तर हललं नसतं. यातल्या काही ठिणग्या सरकत होत्या. त्या पोरवालीच्या डोळ्यांतून परतणाऱ्या उजेडाच्या. तिला आठ डोळे असतात आणि त्यातल्या मोठ्या डोळ्यांच्या मागे आरशासारखा थर असतो, गाईच्या डोळ्यांत रात्री चमकतो तसा. ती जाळं विणत नाही. पळून धरते.

एका ठिणगीपाशी आम्ही बसलो. मातकट रंगाची, अंगाने तुरीच्या दाण्यापेक्षा जरा मोठी. तिची पाठ मला खरखरीत वाटली, सोललेल्या सालीसारखी. विजेरी जवळ नेली तर ती पाठ हलायला लागली. पाठीवर पिल्लं होती, इतकी दाटीने, एकावर एक, की आईचं अंग दिसेना. आधी ती अंड्यांचा कोष मागे चिकटवून फिरते. पिल्लं बाहेर यायची वेळ झाली की कोष स्वतः उसवते, आणि सगळी पिल्लं पायांवरून चढून पाठीवर येतात. मग काही दिवस ती त्यांना घेऊन हिंडते, पळते, शिकार करते. माझ्या बोटाच्या धक्क्याने एक पिल्लू खाली पडलं. ते मातीच्या एका ढेकळावर जरा वेळ थांबलं, मग आईचा पाय शोधून पुन्हा वर चढलं.

बाबा उकिडवे बसून पाहत होते. त्यांचे गुडघे दुखतात, ते इतका वेळ कधी बसत नाहीत. "पन्नास वर्सं झाली या वावरात," एवढंच म्हणाले.

रातपाळीवाल्याचं काम त्याहून आधी, दिवेलागणीला सुरू होतं. आमच्याकडे सहा ओळी पऱ्हाटीच्या आणि एक तुरीची. तूर उंच, पऱ्हाटी बसकी. त्या दोघींच्या मधल्या फटीत तो जाळं लावतो. आधी तुरीच्या फांदीवरून एक धागा वाऱ्यावर सोडतो. तो समोर कुठे तरी अडकला की त्यावरून जाऊन तो पक्का करतो. मग मधून खाली सुटून इंग्रजी 'Y'सारखा आकार, मग केंद्रातून आरे. आऱ्यांवरून आतून बाहेर एक विरळ वेटोळं, तेवढ्यापुरतं, चढायला परांची हवी म्हणून. आणि मग बाहेरून आत, चिकट धाग्याचं दाट वेटोळं. ते घालता घालता आधीची परांची तो काढत येतो. अर्धा-पाऊण तास. पायाने अंतर मोजून प्रत्येक टाका. माझी आजी गोधडीला असे टाके घालायची, बोटाच्या पेराने मोजून. सकाळी उन्हं यायच्या आत तो अख्खं जाळं गिळून टाकतो, त्याच रेशमाचं संध्याकाळी नवं. संस्कृतात कोळ्याला ऊर्णनाभ म्हणतात, पोटात लोकर असलेला. ज्याने हे नाव ठेवलं त्याने कुठे तरी पहाटे उठून हेच पाहिलं असणार.

पतंग या जाळ्यातून बऱ्याचदा निसटतात. त्यांच्या पंखांवर भुकटीसारखे खवले असतात. जाळ्याला खवले चिकटतात आणि पतंग सुटतो. आमच्या तुरीवरच्या जाळ्यांत सकाळी राखेसारखे ठसे दिसायचे, रात्री कोण येऊन गेलं त्याचे. पण तुडतुडे, माशा, पंखवाला मावा यांना ती सोय नाही.

*

माझी मावशी भंडारा जिल्ह्यात दिली. तिकडे धान. धानाच्या बांधीत कोळी पाहायचे असतील तर वाकावं लागतं, ते बुंध्यापाशी पाण्याच्या वर असतात, आणि पोरवालीच्या जातीचे काही तर पाण्यावरून सरळ पळत जातात. लांब जबड्याचे काडीसारखे कोळी पानाला समांतर ताणून पडतात, दिसतच नाहीत. मावशीकडे धानावरचे तपकिरी तुडतुडे लागले की धान गोल गोल ठिपक्यांत करपतो, आणि ठिपका दिसला की सगळा गाव पंप पाठीवर घेतो.

याच तुडतुड्याने सत्तर-ऐंशीच्या दशकांत आशियाचा भात उद्ध्वस्त केला होता. तेव्हा पीटर केनमोर नावाच्या संशोधकाने फिलिपिन्सच्या भातखाचरांत काम करून दाखवलं की जिथे फवारणी जास्त, तिथे तपकिरी तुडतुडा जास्त. कारण साधं आहे. तुडतुड्याची मादी अंडी देते ती धानाच्या बुंध्याला वेढणाऱ्या पानाच्या आवरणाच्या आत. फवारा बाहेर पडतो. कोळी मरतात, अंडी वाचतात. आठवड्याने पिल्लं निघतात तेव्हा त्यांना खाणारं कुणी उरलेलं नसतं. इंडोनेशियाने हे मनावर घेतलं. १९८६ साली तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी भातावरच्या ५७ कीडनाशकांवर एका आदेशाने बंदी घातली आणि शेतकऱ्यांना खाचरात उतरून कोळी ओळखायला शिकवणारे वर्ग पुढे सुरू झाले. भात काही कमी पिकला नाही.

मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्याकडे असे वर्ग कोनी घेत नाही वं." ते खरं आहे. आमच्याकडे औषध सांगणारा आणि औषध विकणारा बहुतेक ठिकाणी एकच माणूस असतो, आणि हे मला चुकीचं वाटतं.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याबरोबर वाढली होती. नोझल वर धरलं की फवारा तोंडावर. यवतमाळ आमच्यापासून लांब नाही. आमच्या गावचा पंप मारणारा एक पोरगा त्या दिवसांत संध्याकाळी डोळे लाल करून यायचा आणि आई त्याला दूध द्यायची, दुसरं काय करावं ते तिला कळत नव्हतं. कोळ्यांची मोजणी मी वहीत मांडते तेव्हा तो पोरगा मला आठवतो. एक फवारणी टळली तर कोळीही वाचतो आणि तोही. मागच्या तीन वर्षांत बाबांनी निंबोळी अर्कावर भागवून काही फवारण्या टाळल्या, सगळ्या नाही.

*

कोळी उन्हाळ्यात कुठे जातात, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. तूर कापली, पऱ्हाटी उपटली, नांगर फिरला की वावरात सावलीला पान उरत नाही. काही जण काळ्या मातीच्या भेगांत उतरतात. बाकीच्यांना धुरा, म्हणजे वावराच्या कडेचा बांध. आमच्या धुऱ्यावर एक बोर आहे, तिच्यावर राखी रंगाचं, गोणपाटाच्या चिंधीसारखं एक मोठं जाळं आहे आणि त्यात शेकड्याने कोळी एकत्र राहतात, एकमेकांना न खाता, अडकलेला नाकतोडा सगळे मिळून ओढत नेतात. बोरीखालचं गवत, कुंपणाच्या काट्या, दगडांचा ढीग, सगळीकडे कुणी ना कुणी. जूनमध्ये पऱ्हाटी उगवली की याच धुऱ्यावरून ते पायी आत येतात. आणि बारकी पिल्लं उडत येतात. शेंड्यावर चढायचं, पोट वर करायचं, धागा सोडायचा, आणि हवा नेईल तिकडे. १८३२ साली डार्विनच्या जहाजावर किनाऱ्यापासून साठेक मैल आत समुद्रात, दोरखंडांवर असे बारके कोळी उतरले होते. ब्रिस्टलच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की हवेतला विजेचा भारही त्यांना उडायला उठवतो.

जगभरचे कोळी वर्षाला ४० ते ८० कोटी टन किडे खातात असा एक अंदाज २०१७ मध्ये मांडला गेला. हा आकडा सगळे सांगतात. त्याच अभ्यासातली पुढची गोष्ट कुणी सांगत नाही: त्यातला जवळजवळ सगळा हिस्सा जंगलं आणि गवताळ माळांचा. दरवर्षी नांगरल्या जाणाऱ्या शेतांचा त्यात वाटा अगदी थोडा, कारण आपण त्यांना तिथे राहूच देत नाही.

आणि आमच्याकडे फाल्गुनात धुरे जाळतात. साफ दिसावं म्हणून.

*

गेल्या पौषात पऱ्हाटी उपटायची होती. गुलाबी बोंडअळी बोंडांत आणि काड्यांत मागे राहते, म्हणून फरदड (हंगाम संपल्यावरही झाडं राखून घेतलेलं पीक) ठेवू नका, काड्या वावरात ठेवू नका असं सांगतात, आणि ते बरोबर आहे, आम्हीही मागे अळीचा मार खाल्ला आहे. पण त्याच काड्यांच्या शेंड्यांवर कोळ्यांचे कोष होते. मला काय करावं सुचेना. बाबा म्हणाले, "थांब," आणि घरून कैची घेऊन आले.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघं ओळींतून फिरलो. वेचणीला येणाऱ्या बायाही आल्या, त्यांना हे सगळं नवं होतं, पण त्यांची नजर आमच्यापेक्षा तेज. कापसाचा धागा आणि कोळ्याचा धागा त्या लांबूनच वेगळा सांगायच्या. एकेक शेंडा बोंड नाही ना पाहून कापायचा आणि टोपलीत उभा ठेवायचा. तुरीच्या ओळीजवळच्या एका झाडावर हिरवी बसली होती. गवती रंगाचा कोष तिने चारही बाजूंनी धाग्यांनी फांदीला ताणून बांधला होता आणि आठही पायांनी त्याला मिठी घालून, डोकं खाली करून ती त्यावर लटकली होती. बाबांनी खालून फांदी धरली, कैची चालवली. ती पडली नाही, पळाली नाही. फक्त पाय जरा घट्ट झाले.

बाबा तो शेंडा दोन्ही हातांत धरून, वाऱ्याकडे पाठ करून, धुऱ्यापर्यंत चालत गेले. बोरीच्या आतल्या फांदीला, जिथे बकरीचं तोंड पोचत नाही, त्यांनी तो सुतळीने बांधला. एक गाठ, मग दुसरी. ती तशीच, कोषाला धरून.